सहाशे चाळीस पावलं

रविवारी सकाळचा चहा झाला की माझा नवरा त्याच्या वडिलांना एक गोष्ट सांगणार होता. आदल्या दिवशीच आमचं ठरलं होतं. वाक्यसुद्धा मीच तयार करून दिलं होतं, कारण हा माणूस दिवसभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करतो, बिघडलेल्या कॉम्प्रेसरशी तासन्‌तास गप्पा मारतो, पण वडिलांसमोर उभा राहिला की त्याची दातखीळ बसते. वाक्य अगदी साधं होतं. "आबा, उद्यापासून मुलांना शाळेतून व्हॅन आणेल, तुम्ही आता ती धावपळ करू नका." एवढंच. आमच्या पाच वर्षांच्या मुलालाही पाठ झालं असतं.

चहा झाला. नवऱ्याने कप खाली ठेवला, घसा साफ केला, माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबा, आज कुठेतरी जाऊया का? सगळेच?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण तोवर बाण सुटला होता. मुलांनी घर डोक्यावर घेतलं. धाकटा खुर्चीवर चढून नाचायला लागला आणि आठ वर्षांची थोरली, जिला आम्ही वकील म्हणतो, तिने लगेच उलटतपासणी सुरू केली. कुठे, किती वाजता, खायला काय, आणि हे नक्की का, की संध्याकाळी पुन्हा 'पुढच्या रविवारी' म्हणणार?

"नेढ्याला जाऊ," आबा म्हणाले. "बघितलंय का तुम्ही कोणी? डोंगराला आरपार भोक आहे. सुईला असतं तसं."

"दोरा घालता येईल?" धाकट्याने विचारलं.

"तू जाशील ना आरपार. तूच दोरा."

झालं. आता त्या दोघांना परमेश्वरसुद्धा थांबवू शकला नसता, आणि मी काही परमेश्वर नव्हे. मी पाव कापले, अंडी उकडली, काकड्या आणि संत्री पिशवीत भरली, आणि भरता भरता नवऱ्याला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"तिथे सांगतो," तो हळूच म्हणाला. "मोकळ्या हवेत बरं पडेल."

"मोकळ्या हवेत तू सांगणार, आणि मी तोवर म्हातारी होणार."

व्हॅनचं कारण सांगते, नाहीतर मी सासऱ्यांच्या मुळावर उठलेली सून वाटेन. आबांनी चाळीस वर्षं मोजणी खात्यात काढली. हातात साखळी, डोक्यावर टोपी, आणि डोंगरदऱ्या पालथ्या घालायच्या. साखळी टाकता येत नाही तिथे ते पावलांनी अंतर मोजत. आबांचं पाऊल तीस इंचांचं. एकोणतीस नाही, एकतीस नाही. खात्यात म्हणे त्यांच्या आकड्यावर साहेबसुद्धा डोळे मिटून सही करायचे. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे राहायला आले आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळा परिसर मोजून टाकला. न्हावी दोनशे दहा पावलं, दवाखाना सातशे पंचवीस, माझं दुकान चारशे ऐंशी. वकील शाळेत जायला लागली तेव्हा शाळाही मोजली. बाराशे पावलं, बरोबर बारा मिनिटं. शाळा साडेबाराला सुटते, म्हणून ते बारा अठराला घराबाहेर पडतात. एकदा मोजलेलं पुन्हा मोजायचं नाही, हा त्यांचा बाणा. पुन्हा मोजणं म्हणजे मोजणाऱ्यावर अविश्वास.

आणि गेल्या महिन्यापासून ते उशिरा पोचायला लागले होते. कधी चार मिनिटं, कधी पाच. विचारलं की म्हणायचे, "शाळेचं घड्याळ पुढे गेलंय, त्यांना सांगा." मी खरंच शाळेत जाऊन त्यांचं घड्याळ बघून आले. घड्याळ बरोबर होतं. मग आला गुरुवार. वकिलीण वर्गातला फळा पुसून बाहेर येईपर्यंत धाकट्याने फाटकाबाहेर आबांची वाट पाहिली, आणि आबा दिसेनात म्हणून त्यांना शोधायला तो एकटाच चालता झाला. मोठा रस्ता ओलांडून. पलीकडच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराने त्याला उचलून परत आणलं. आबा पोचले तेव्हा मूल फाटकाशी उभं होतं, त्यामुळे त्यांना यातलं काही कळलंच नाही. दुकानदाराने मला फोन केला तेव्हा माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचा कोट होता. त्या कोटाच्या बाहीत मी सुई तशीच विसरले.

आबांना आम्ही सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटेल, हा नवऱ्याचा युक्तिवाद, आणि मीही मान डोलावली. पण शुक्रवारी मी व्हॅनवाल्याला सोमवारपासून ये म्हणून सांगून टाकलं. म्हणजे आता फक्त सांगायचं उरलं होतं. आबांचा दिवस कसा असतो ते मला माहीत आहे. सकाळी वर्तमानपत्र, मग दाढी, मग घड्याळाकडे बघत बारा अठराची वाट पाहणं. दुपारी मुलांना आणलं की कोणाला किती गुण, कोणी कोणाचं नाक फोडलं, हे सगळं त्यांनाच आधी कळतं. ते काढून घेतलं की त्यांच्या दिवसात उरतं काय? हे मलाही कळत होतं. म्हणूनच ते वाक्य मी स्वतः बोलत नव्हते, नवऱ्याच्या गळ्यात मारत होते. शूर मीही नाही.

नवऱ्याच्या कामाच्या गाडीतून निघालो. मागे हत्यारांच्या पेट्या, गॅसची नळकांडी, आणि मध्ये उशा टाकून बसलेले आम्ही तिघं. धाकटा सतत तोंडातल्या तोंडात गुणगुणत असतो, खाताना, खेळताना, झोपेतसुद्धा, म्हणून त्याचं नाव भुंगा पडलंय. दीड तास तो एकाच सुरात गुणगुणला. पुढच्या सीटवर आबा ताठ बसून खिडकीबाहेर बोट दाखवत होते. हा ओढा मी मोजला, ती टेकडी मी मोजली, त्या झाडाखाली मला विंचू चावला. नवरा 'हो का, अरे वा' करत गाडी चालवत होता. मी आरशातून त्याच्याकडे डोळे वटारले की तो आरसा नीट करायचा.

डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तर समोर पाटी: पायऱ्यांचं काम चालू आहे, रस्ता बंद. वकिलीणबाईंचा चेहरा पडला. भुंगा गुणगुणायचा थांबला, आणि हे आमच्याकडे धोक्याचं लक्षण असतं.

"पायऱ्या कालच्या," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र चांदणं पसरलं होतं. "मी आलो तेव्हा कुठे होत्या पायऱ्या? जुनी वाट आहे की. फुटक्या खडकापासून सहाशे चाळीस पावलं सरळ, मग डावीकडे वळायचं आणि वर. डोळे बांधून नेईन."

तिथे चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आहे ना वाट. शेळ्या जातात, पोरं जातात. फक्त डावीकडचं वळण चुकवू नका, सगळं झुडूप सारखंच दिसतं."

फुटका खडक लगेच सापडला. मधोमध चिरलेला, घराएवढा. आबा त्याला पाठ लावून उभे राहिले, टोपी सारखी केली, भुंग्याचा हात धरला आणि चालायला लागले. ओठ हलत होते. त्यांच्या मागे वकील, मग मी, आणि शेवटी खाण्याची पिशवी घेऊन नवरा. ऊन छान होतं, वाट सपाट होती, झाडांतून थंड वारा येत होता. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, राहू दे आज. उद्या सकाळी सांगू. व्हॅन काय, साडेबाराला येणार आहे.

"सहाशे चाळीस!" आबा थांबले. "डावीकडे."

डावीकडे झुडपांत एक फट होती. वाट म्हणावी तर वाट, नाहीतर शेळ्यांनी चरून केलेली जागा. आबा शिरले, म्हणून आम्ही शिरलो. दहा मिनिटांनी काटे माझ्या केसांत होते, वकिलीणीच्या मोज्यांत होते आणि भुंग्याच्या दंडावर तर लांबलचक ओरखडा. तो रडायला लागला. आणखी थोडं पुढे गेलो तर समोर सरळसोट कातळ. भोक नाही, वाट नाही, काही नाही. एक सरडा आमच्याकडे बघत होता, त्यालाही नवल वाटलं असावं.

"आबा चुकले," वकील म्हणाली. न्यायालयात म्हणतात तसं, शांतपणे.

"चुकलो नाही. वाट बदललीय. इतक्या वर्षांत डोंगर खचला असेल."

"असेल, असेल," नवरा म्हणाला. "पावसाने काय काय होतं."

माझा पारा चढला. माझं डोकं तापलं की जीभ आधी सुटते आणि मी तिच्यामागून धावते. "हो ना," मी म्हणाले. "डोंगर खचला. शाळेचं घड्याळ पुढे गेलं. सगळं जग जागचं हललं आबा, फक्त तुम्ही तेवढे..."

पुढचं मी गिळलं. पण उशीर झाला होता. नवऱ्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. भुंग्याचं रडणंसुद्धा थांबलं. आबा माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही. मनातल्या मनात ते काहीतरी मांडत होते. शाळा आणि डोंगर या दोन गोष्टी त्यांनी आजवर शेजारी ठेवल्या नव्हत्या, त्या मी ठेवल्या होत्या.

"आमच्या खात्यात एक नियम होता," ते म्हणाले. "आकडा आणि जमीन जुळली नाही, तर जमिनीचं खरं धरायचं." मग म्हणाले, "मास्तर, टेप आहे का जवळ?"

मास्तर म्हणजे मी. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लहानाचं मोठं आणि मोठ्याचं लहान करणं. टेप माझ्या पर्समध्ये नेहमीच असते, साठ इंचांची, पिवळी.

आम्ही काट्यांतून परत मोठ्या वाटेवर आलो. आबांनी एक सपाट पट्टा निवडला आणि आम्हाला समजावून सांगितलं. खात्यात दरवर्षी हंगाम सुरू होताना प्रत्येकाला आपलं पाऊल तपासून घ्यावं लागे. दहा पावलं चालायची, अंतर मोजायचं, दहाने भागायचं. निवृत्त झाल्यापासून त्यांनी ते केलं नव्हतं. कोण विचारणार होतं?

"तीस असेल तर दहा पावलांना तुझ्या टेपा बरोबर पाच लागतील," ते म्हणाले.

वकिलीणीने काठीने मातीत रेघ मारली. आबा रेघेवर टाच ठेवून उभे राहिले आणि निघाले. एक, दोन, तीन. मी बघत होते. एखादं गिऱ्हाईक टेप लावताना पोट आत ओढून घेतं, तसे ते ढांगा टाकत होते. चौथ्या पावलाला ते स्वतःच थांबले.

"हे खरं नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम टाकतोय. परत."

परत आले, रेघेवर उभे राहिले, लांब कुठेतरी झाडाकडे नजर लावली आणि रोजच्यासारखे चालले. दहाव्या पावलाला वकिलीणीने दुसरी रेघ मारली. मला टेप लावायच्या आधीच दिसलं. दिसत नाही असं कसं होईल? लोकांची मापं नजरेने घेणं हाच माझा धंदा.

मी आणि नवरा टेपची दोन टोकं धरून वाकलो. एक टेप. दोन. तीन. चौथी पुरी झाली नाही. नवऱ्याने आपलं टोक हळूच मागे सरकवलं आणि माझ्याकडे डोळ्यांनी विनवणी केली. "पंचवीस म्हण," तो पुटपुटला. "काय बिघडतं?"

खरं सांगते, माझ्या तोंडावर आलं होतं. दुकानात मी हेच करते. चौतीस कंबर आली की मोठ्याने तेहेतीस म्हणते आणि चौतीसवर कापते. गिऱ्हाईक खूश, पँटही बसते. पण इथे कापायचं काय होतं? पंचवीस म्हटलं असतं तर आबा पंचवीसच्या हिशेबाने निघाले असते, आणि पुन्हा उशिरा पोचले असते. भुंगा माझ्या शेजारी उभा राहून दंडावरच्या ओरखड्याला फुंकर घालत होता.

मी नवऱ्याच्या हातातलं टोक रेघेवर नेऊन ठेवलं. "तीन टेपा आणि चाळीस इंच," मी म्हणाले. "पाऊल बावीस इंच आबा."

आबा मटकन खाली बसले. मला वाटलं, संपलं, आता आपण यांना उचलून गाडीपर्यंत न्यायचं. पण त्यांनी वकिलीणीच्या हातातली काठी घेतली आणि मातीत गुणाकार मांडला. सहाशे चाळीस गुणिले तीस. भागिले बावीस. ओठ हलत होते, हातचे धरत होते, आणि त्यांच्या खांद्यावरून वकील डोकं खुपसून प्रत्येक आकडा तपासत होती.

"आठशे त्र्याहत्तर," आबा म्हणाले.

"म्हणजे सहाशे चाळीस झाली आहेत, मग अजून दोनशे तेहेतीस," वकील म्हणाली. "आबा, मी मोजू?"

"तू मोठ्याने मोज. मी चालतो. पावलं माझीच हवीत."

आणि झुडपांतल्या त्या फटीपासून ती वरात पुन्हा निघाली. वकील ओरडून मोजत होती, भुंगा पन्नास झाले की शंभर म्हणत होता आणि तिच्याकडून धपाटा खात होता. मी आणि नवरा मागे होतो. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, काय सांगू, मजाही वाटत होती. दोनशे वीस झाल्यावर मी मान लांब करून पुढची झुडपं न्याहाळायला लागले. इथेही काटेच निघाले तर?

"दोनशे तेहेतीस!"

डावीकडे एक बारीक ओढा होता. ओढ्याच्या कडेने वर गेलेली, चांगली हातभर रुंद, पायांनी गुळगुळीत झालेली वाट होती. आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा घातली. "डोंगर जागेवर आहे," ते म्हणाले.

वर चढायला अर्धा तास लागला. नेढं दिसलं तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, बाई गं! आमची अख्खी इमारत त्यातून आडवी गेली असती. इकडून डोंगर, तिकडून डोंगर आणि मधोमध आभाळाचा तुकडा. आत शिरलं की पलीकडे सगळी दरी पायाखाली पसरलेली, शेतं, नदी, मुंगीएवढ्या गाड्या. वारा त्या भोकातून घुमत येत होता, एकाच सुरात, न थांबता. भुंगा गुणगुणायचा थांबला आणि कान देऊन ऐकत उभा राहिला.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "हा पण करतो."

मग त्याने डोंगराच्या सुरात सूर लावला. बराच वेळ दोघं मिळून गुणगुणत होते. मी हसले नाही. कोणीच हसलं नाही. वकील दगडावर पालथी पडून दरीतली घरं मोजत होती, नवरा तिचे पाय धरून बसला होता. त्या क्षणी मला कोणाबद्दल काही तक्रार नव्हती, आणि हे माझ्या बाबतीत रोज घडत नाही.

आम्ही पाव खाल्ले, अंडी खाल्ली, संत्र्यांचा रस कोपरापर्यंत ओघळू दिला. मग नवऱ्याने मुलांना दुसऱ्या टोकाला नेलं. आबा आणि मी भिंतीला टेकून बसलो. मी थर्मासमधला चहा ओतला.

"शाळा बाराशे पावलं," आबा म्हणाले. "बावीसच्या हिशेबाने सोळाशे छत्तीस. म्हणजे शाळेचं घड्याळ बरोबर आहे."

"हो."

"गुरुवारी मी पोचलो तेव्हा फाटकावरचा रखवालदार माझ्याकडे असा का बघत होता? नक्की काय झालं होतं?"

मी कप खाली ठेवला. पुन्हा तीच वेळ आली होती, फक्त आता मध्ये नवरा नव्हता. मी सगळं सांगितलं. वाट बघणं, शोधायला निघणं, मोठा रस्ता, दुकानदार.

"एकटा ओलांडून गेला?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटायलाच हवं होतं," आबा म्हणाले. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

मला राहवलं नाही. दोन दिवस घोकलेलं सगळं मी एका दमात मोडून टाकलं. "आबा, तुम्ही दहा मिनिटं आधी निघा. बारा आठला. आता खरा आकडा कळलाय ना? मग काय अडचण आहे?"

आबा समोर बघत होते. तिकडच्या टोकाला भुंगा नवऱ्याचा हात सोडून पळाला होता आणि नवऱ्याने तीन ढांगांत जाऊन त्याचा सदरा पकडला होता.

"वेळेचं गणित सुटेल," आबा म्हणाले. "पण रस्त्यावर हा माझा हात सोडून पळाला, तर बावीस इंचांनी मी त्याला गाठणार कसा? नको. व्हॅन लावा."

"लावलीय," मी मान खाली घालून म्हणाले. "उद्यापासून. तेच सकाळी सांगायचं होतं."

"असं होय!" आबा एकदम हसायला लागले. "तरीच तो घसा साफ करत होता. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आला की असाच घसा साफ करायचा आणि म्हणायचा, आबा, आज फिरायला जाऊया का?"

आम्ही दोघं इतके हसलो की चहा सांडला. नवऱ्याने लांबून वळून पाहिलं आणि त्याला वाटलं, सगळं आपोआप मिटलं. सुखी माणूस.

हसू ओसरलं. वारा घुमत होता. आबांनी आपले पाय लांब केले आणि त्यांच्याकडे बघत बसले.

"मास्तर, एक काम करशील? यापुढे दर वर्षी माझं पाऊल मोजायचं. पण तू मोजायचं. तो नको. आज त्याने टोक सरकवलं ते मला दिसलं होतं."

"त्याचा हेतू..."

"हेतू चांगलाच होता. म्हणून तर तो नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वीस आलं तर वीस सांगायचं. पंधरा आलं तर पंधरा. मला ढांगा टाकू द्यायच्या नाहीत. आणि मी म्हणालो, डोंगर खचलाय, तर ऐकायचं नाही."

रोज मी पाच-पंचवीस लोकांची मापं घेते. एकाही मापाची मला कधी भीती वाटली नव्हती. पुढच्या वर्षीच्या त्या मापाची मला तिथे, आभाळाच्या त्या भोकात बसल्या बसल्या, भीती वाटली. आणि तरीही या घरात माझ्यावर एवढा विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता, हेही मला त्याच वेळी कळलं.

"सांगेन आबा," मी म्हणाले. "जे असेल ते."